नरकासुर म्हणून डॅलेक चालेल का?

फोंडेकार
काल आमच्या गोव्यातल्या वाड्यावर नरकासुराची बैठक झाली, म्हणजे चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा पुतळा कसा करायचा त्याची, आणि भांडण झालं. भांडण दरवर्षीच होतं, पण ते वर्गणीवरून, नाहीतर डीजे कोणाचा यावरून. यंदा बारावीतला माझा भाचा उठला आणि म्हणाला, "ह्या वर्षी डॅलेक करूया." कोणाला काहीच कळेना. माझ्या आईला "डाळ" ऐकू आलं. मग त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. बुटका, खाली घागऱ्यासारखा घेर, त्यावर गोल फोड, वर घुमट, घुमटातून निघालेला एक दांडा म्हणजे डोळा, आणि हाताच्या जागी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर.

ज्येष्ठांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "ह्याला तोंड नाही, जीभ नाही, सुळे नाहीत. हा असुर कसला, हा तर पाण्याचा ड्रम!"

पोरं म्हणतात, अख्ख्या विश्वात ह्याच्याइतका दुष्ट कोणी नाही. हा 'डॉक्टर हू' नावाच्या ब्रिटिश मालिकेतला, आणि मी ती पाहिलेली नाही. आमच्या लहानपणी दूरदर्शनला जे लागेल ते बघायचं, एवढंच. म्हणून दोन प्रश्न विचारतो. हा खरोखर नरकासुराच्या जागी उभा राहण्याच्या लायकीचा आहे का? आणि करायचाच ठरला तर कसा करायचा? चतुर्दशीला तीन आठवडे उरलेत.

रात्रपाळी
पहिला प्रतिसाद माझा. ड्रम जाळायला माझा पाठिंबा. आमच्या टाकीला तसंही पाणी येत नाही.

कारीट
मी वर्गणी देते ती नरकासुरासाठी. पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडायचं, कडू जिभेला लावायचं, त्याआधी तो रस्त्यावर जळालेला असायला हवा. डॅलेकचं कारीट फोडू का मी? गेल्या काही वर्षांत आधीच काय काय झालंय. सिक्स पॅक आले, चामड्याची जाकिटं आली, एकाच्या हातात गिटार होती. आता हे.

स्विंडनवाला
फोंडेकार, हा धागा माझ्यासाठीच काढलात असं समजतो. नऊ वर्षं झाली इथे इंग्लंडात, स्विंडनला येऊन. आपली माणसं इथे इतकी आहेत की बसमध्ये कोंकणीत कोणाची चहाडी करायची सोय नाही. इथल्या कुठल्याही आजोबांना डॅलेक म्हणा, ते सोफ्याकडे बोट दाखवतात, "त्याच्यामागे लपायचो." ही इथली म्हणच झाली आहे.

मालिका बीबीसीवर सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या भागाकडे कोणाचं धड लक्षच गेलं नाही. मालिका तगली ती लगेच पुढे आलेल्या डॅलेकांच्या कथेमुळे. २१ डिसेंबरच्या भागाच्या शेवटी बार्बरा नावाची बाई भिंतीला पाठ लावून किंचाळते आणि आपल्याला दिसतो तो फक्त पुढे पुढे येणारा प्लंजर. भाग संपला! बाकीचा डॅलेक बघायला लोक आठवडाभर ताटकळले. तुमचे ज्येष्ठ हसतायत त्याच प्लंजरने अख्खा देश घाबरला होता.

गंमत म्हणजे बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी बजावून ठेवलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस ह्या मालिकेत नकोत. तुमच्या ज्येष्ठांना नेमके तेच हवे आहेत.

आता दुष्टपणा. जे दिसतं ते शरीर नव्हे, ते चिलखत. आत एक लिबलिबीत, हातपाय झडलेला जीव असतो. स्कारो ग्रहावर कॅलेड आणि थाल यांचं पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चाललं होतं. त्या युद्धाच्या विषाने आपली जात बिघडत जाणार हे कॅलेडांचा शास्त्रज्ञ डाव्हरॉस ह्याला कळलं. त्याने ती शेवटी जशी होणार तशी आधीच प्रयोगशाळेत घडवली, यंत्रात बसवली आणि तिच्यातून दयामाया मुद्दाम काढून टाकली. उरलं एकच, जो डॅलेक नाही त्याला जगण्याचा हक्क नाही. लेखक टेरी नेशन लहानपणी दुसऱ्या महायुद्धातून गेलेला, त्याच्या डोळ्यांसमोर नाझी होते. डॅलेकांना राज्य नको, सोनंनाणं नको, बायका नकोत. तुम्ही तुम्ही आहात एवढा गुन्हा पुरतो.

मांडवीकाठ
"बायका नकोत" हे वाचून नरकासुर त्या मानाने सज्जन वाटायला लागला :D

सत्यभामेची मैत्रीण
मांडवीकाठ, हसण्यावारी नेऊ नका. सोळा हजार बायका डांबून ठेवणारा सज्जन नसतो. आणखी एक, आपल्या मिरवणुकीत कृष्ण असतो, निळा रंग फासलेला, रात्रभर जागून पेंगणारा कोणाचातरी मुलगा. भागवतातही सत्यभामा गरुडावर त्याच्याबरोबर युद्धाला जाते, आणि कित्येक ठिकाणच्या कथांत तर तीच नरकासुराला मारते. आमच्या भागात मी तिला एकदाही पाहिलेली नाही. असुराच्या जागी परग्रहवासी आणायला बैठका घेता, मग हिला जागा द्यायला काय जातं?

आता मूळ प्रश्न. नरकासुर कोणाचा मुलगा? भूमीचा. वराहाचा आणि भूमीचा. म्हणजे तो जन्माने वाईट नव्हता, सत्ता आल्यावर माजला. अदितीची कुंडलं पळवली, वरुणाचं छत्र पळवलं. तो मेल्यावर भूमी स्वतः कुंडलं परत आणून देते आणि नातवाला अभय मागते. त्याला आई आहे, त्याच्यासाठी रडणारं कोणीतरी आहे. डॅलेकला कोण आहे? म्हणून मला वाटतं ह्या दोघांची तुलनाच चुकीची आहे. एकाने वाईट व्हायचं ठरवलं, दुसऱ्याला तसा बनवला. जाळायचाच असेल तर डाव्हरॉस जाळा.

स्विंडनवाला
मैत्रीणबाई, तुम्ही न बघता १९७५ ची कथा सांगितलीत! त्यात मालिकेचा नायक डॉक्टर ह्याला भूतकाळात पाठवतात, डॅलेक जन्मायच्या आधीच संपव म्हणून. त्यांचे गर्भ वाढवायच्या खोलीला तो स्फोटकं लावतो, हातात दोन वायरी, एकमेकींना टेकवल्या की खेळ खलास. आणि तो थांबतो. अजून कोणाला मारलेलं नाही अशा जिवांना मारायचा मला अधिकार आहे का, असं विचारत बसतो.

रात्रपाळी
मग काय, टेकवल्या का नाही?

स्विंडनवाला
तेव्हा नाही. पुढे तो परत जातो, पण तोपर्यंत एक डॅलेकच त्या वायरींवरून जातो आणि स्फोट होतो. त्यानेही ते पूर्ण संपत नाहीत, फक्त लांबणीवर पडतात.

वीजखात्यातला
म्हणजे आमचे ठेकेदार करतात तसंच काम.

पत्रा-वेल्डिंग
तात्त्विक चर्चा चालू द्या, मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. डॅलेक हा नरकासुरापेक्षा सोपा. उंच सांगाडा नाही, दोन्ही बाजूंनी तोल सांभाळायला नको, विजेच्या तारांची भीती नाही. खाली प्लायची चौकट, चार चाकं, त्यावर बांबूच्या कामट्यांचा घेर वर निमुळता करत न्यायचा. बाहेरून पुठ्ठा, वर रंग. घुमटाला भाताच्या पेंढ्याचा गोळा आणि त्यावर कागदाचे थर, मुखवट्याला लावतो तसेच. घेरावर त्या अर्ध्या गोल फोडी आहेत ना, त्यांना करवंट्या. घरोघरी फुकट मिळतील आणि जळतील अशा की बघत राहाल.

फक्त एक. चढ-उताराचा रस्ता असेल तर मागून दोरी बांधा. चाकांवरचा नरकासुर उतारावरून सुटला की काय होतं ते मी पाहिलंय. कृष्ण आधी पळाला.

कारीट
करवंट्यांची कल्पना चांगली आहे. पण माझा विरोध कायम.

मुखवटेवाला
मी म्हापशाच्या बाजारात दिवाळीच्या आधी मुखवटे विकतो, म्हणून धंद्याच्या दृष्टीने बोलतो. स्विंडनवाल्यांनी लेखकाचं नाव दिलं, रूप ज्याने दिलं त्याचं नाही दिलं. रेमंड कुसिक. बीबीसीचा पगारी माणूस. ते काम आधी जायचं होतं पुढे सिनेदिग्दर्शक झालेल्या रिडली स्कॉटकडे, तेव्हा तोही तिथेच कला-आरेखक होता, पण तारखा जुळल्या नाहीत. डॅलेकची खेळणी, पुस्तकं, सिनेमे निघाले, लेखकाला हक्काचे पैसे मिळाले, तो श्रीमंत झाला. कुसिकला पगाराशिवाय एक किरकोळ बक्षिसी.

आता मला सांगा, वाड्यावर चषक कोण घेतो? वर्गणी गोळा करणारा अध्यक्ष. आणि आठ रात्री जागून कागद चिकटवणारा पोरगा फोटोत मागे उभा.

मांडवीकाठ
+१. हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

जिने-चढणारा
एक मूलभूत शंका. ह्याला चाकं आहेत. जिन्यावर गेलं की सुटलो ना आपण? विश्वातला सर्वांत दुष्ट प्राणी आणि माझ्या पहिल्या मजल्यावर येऊ शकत नाही?

स्विंडनवाला
हा विनोद इथे इतका जुना आहे की त्याला पेन्शन मिळते. १९८८ सालच्या कथेत डॅलेक जिन्यावरून तरंगत वर येतो आणि डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं होतं. २००५ मध्ये पुन्हा तेच, जास्त झोकात. मात्र पहिल्या कथेत ते खरंच अडकलेले होते. शहराच्या धातूच्या जमिनीतून वीज घेऊन चालायचे, तिच्यावरून उतरले की बंद. डॉक्टरच्या लोकांनी एकाच्या डोळ्याला चिखल फासला आणि त्याला एका झग्यावर ओढला. विजेशी संबंध तुटला, डॅलेक खलास.

वीजखात्यातला
इन्सुलेशन. आम्ही सांगतो ते लोक ऐकत नाहीत, मालिकेत दाखवलं की पटतं.

बटाट फोव
अवांतर: आवाजाचं काय? ओरडणार काय तो? "एक्स्टर्मिनेट" आमच्या वाड्यावर कोणाला कळणार?

रात्रपाळी
"निर्दाळण! निर्दाळण!"

मांडवीकाठ
फारच कीर्तनी. "नायनाट! ना-य-ना-ट!" बघा, तुटक म्हटलं की तंतोतंत बसतं.

सत्यभामेची मैत्रीण
"नायनाट" मस्त. पण "सं-हा-र" ला वजन आहे.

पेडण्याचा काला
गोव्यात आहात ना? "काबार! काबार! काबार!" म्हणजे खलास. पोर्तुगीज गेले, शब्द ठेवून गेले, तो अशा वेळी वापरायचा नाही तर कधी?

बटाट फोव
काबार!!! हसून हसून पुरेवाट. चहा कीबोर्डवर.

स्विंडनवाला
काबारला माझं मत. आणि तो आवाज कसा काढतात ते सांगतो. रिंग मॉड्युलेटर नावाचं मंडल असतं, त्यात माणसाच्या आवाजाचा गुणाकार साधारण ३० हर्ट्झच्या लहरीशी करतात. आवाज सेकंदाला साठेक वेळा चिरला जातो, म्हणून तो घरघर अधिक किंचाळी असा येतो. १९६३ ला हे ब्रायन हॉजसन यांनी बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेत केलं. आत बसलेला माणूस वेगळा आणि बाजूला माइकवर बोलणारा वेगळा. आत बसलेल्याने फक्त पायाने गाडा ढकलायचा आणि शब्दांबरोबर घुमटावरचे दिवे लावायचे.

पत्रा-वेल्डिंग
रिंग मॉड्युलेटर कशाला? टेबल फॅनपुढे तोंड धरून बोला. लहानपणी सगळ्यांनी केलंय. साधारण तोच आवाज.

मांडवीकाठ
आईशप्पथ, म्हणजे आम्ही चौथीत असतानाच डॅलेक होतो.

कारीट
आवाजावरून आठवलं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा कायदा २००० सालापासूनचा आहे आणि तो नरकासुरालाही लागू आहे, डॅलेकलाही. आमच्या शेजारी तान्हं बाळ आहे. गेल्या वर्षी पहाटे चारपर्यंत खिडक्यांची तावदानं थरथरत होती. दुष्ट कोण ते मला विचारा, मी सांगते. डीजे.

रात्रपाळी
डाव्हरॉसने डीजे बनवला, दयामाया काढून टाकली. जुळतंय.

पेडण्याचा काला
आता जरा गंभीर. "तोंड नाही म्हणजे असुर नाही" हे ज्येष्ठांचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. दशावतारी काल्यात संकासुर येतो तो आठवा. डोक्यापासून पायापर्यंत काळा झगा, चेहरा झाकलेला, डोक्यावर निमुळती टोपी. वेद पळवणारा असुर तो, पण रंगमंचावर येऊन लोकांना हसवतो. आणि तरीही लहानपणी मी त्याला जेवढा घाबरायचो तेवढा नरकासुराच्या जिभेला कधीच घाबरलो नाही. जीभ दिसली की कळतं, हा आता खाणार. झाकलेल्या तोंडाचं काय करायचं ते कळत नाही. माझी आजी मला मांडीवर घेऊन सांगायची, अरे, आपला अमका तमका आहे आत. त्याने तर भीती वाढायची. रोज दुकानात दिसणारा माणूस आत जाऊन असा होतो?

नेशनने सांगितलंय की डॅलेकची चाल त्याला जॉर्जियाच्या नर्तिकांवरून सुचली, लांब झग्याखाली पाय दिसत नाहीत, त्या नुसत्या सरकतात. हे वाचलं तेव्हा मला संकासुरच दिसला. तुमच्या भाच्याला सांगा, ज्येष्ठांपुढे प्लंजर काढू नकोस, संकासुर काढ.

फोंडेकार
काला, हे मी आज रात्रीच्या बैठकीत वापरतो. देव बरें करूं.

सत्यभामेची मैत्रीण
माझ्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. पुन्हा विचारते. ज्याला पर्यायच नव्हता त्याला दुष्ट म्हणायचं का? पिसाळलेल्या कुत्र्याला मारावं लागतं, पण त्याला पापी कोणी म्हणत नाही.

जिने-चढणारा
कुत्रा विचार करत नाही. हे विचार करतात, बेत आखतात, खोटं बोलतात. सगळी बुद्धी आहे आणि कणव शून्य, ह्यालाच तर दुष्ट म्हणतात. कोणी बनवला हे मरणाऱ्याला विचारून काय फायदा?

स्विंडनवाला
दोघांनीही २००५ चा भाग बघा. तळघरात साखळदंडाने बांधलेला एकटाच डॅलेक. रोझ नावाची मुलगी त्याच्यावर दया येऊन हात ठेवते, तिचा अंश त्याच्यात जातो आणि तो बदलायला लागतो. आधी ढीगभर माणसं मारतो, मग थांबतो. शेवटी छताला भोक पाडतो, चिलखत उघडतो आणि तो एकडोळ्या जीव उन्हाकडे बघतो. त्याला फक्त ऊन अंगावर घ्यायचं असतं. आणि मग मला मरायचा हुकूम दे म्हणतो, कारण आपल्यात दुसऱ्या कोणाचं काही मिसळलंय हे त्याला सोसवत नाही. पश्चात्ताप म्हणा, नाहीतर शेवटपर्यंत न सुटलेला शुद्धतेचा सोस म्हणा. मी दरवेळी वेगळं ठरवतो.

सत्यभामेची मैत्रीण
नरकासुरानेही मरताना मागणं मागितलं म्हणतात, माझ्या मरणाच्या दिवशी लोकांनी दिवे लावावेत. मला उगाच वाईट वाटायला लागलं.

बटाट फोव
आतला जीव कसा दिसतो? नरकासुर करताना तो पण करावा लागेल ना?

रात्रपाळी
माणकी, म्हणजे स्क्विड. एक डोळा, बाकी सगळ्या मिशा. रवा लावून तळली तर काबार.

वीजखात्यातला
एक कळकळीची सूचना. आत पोराला बसवून मिरवणूक काढणार असाल तर फटाके आधी भरू नका. माळ, सुतळी, जे काय असेल ते जाळायच्या जागी पोचल्यावर, आतला बाहेर आल्यावर. हे विनोदाने लिहीत नाही.

कारीट
बरं, परदेशी गोष्टीचं एवढं कौतुक चाललंय तर...

मुखवटेवाला
कारीटताई, मालिकेच्या अगदी पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म लखनौचा. एवढंच सांगतो आणि दुकान उघडतो.

फोंडेकार
बैठकीचा वृत्तांत: संकासुराने काम केलं. तडजोड अशी झाली की डॅलेक करायचा, पण डोळ्याच्या दांड्याखाली नरकासुराचा मुखवटा लावायचा, जीभ बाहेर. भाचा दोन दिवस जेवला नाही. "मामा, डॅलेकला जीभ म्हणजे संकासुराला टाय." शेवटी मुखवटा आत लावायचा ठरला. घुमट उघडला की आतून नरकासुर. ज्येष्ठ खूश, पोरं खूश. कृष्णाबरोबर सत्यभामा पण आहे, माझी पुतणी, दुसरीतली. मैत्रीणबाईंच्या कृपेने.

सत्यभामेची मैत्रीण
!!! फोटो हवा. बाण तिच्या हातात द्या, नुसती शेजारी उभी करू नका.

फोंडेकार
झाला एकदाचा. आज पहाटे जाळला, आत्ता आंघोळ करून लिहितोय.

एकशे चार करवंट्या लागल्या. संध्याकाळी पावसाची सर आली, घेराचा पुठ्ठा एका बाजूने बसला, ताडपत्री घालून उभा राहिलो. स्पर्धेत नंबर नाही. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "कितें रे हें, गॅस सिलिंडर?" पण गर्दी आमच्याभोवतीच होती. भाचा आत, दुसरा पोरगा मोबाइलवरून आवाज देतोय, काबार, काबार. लहान मुलं पळत सुटायची आणि परत यायची. ध्वनिक्षेपक दहाला बंद केला, कारीट, तुमची शपथ. पुढे नुसत्या तोंडानेच ओरडत राहिले. परतताना पहिल्याच गतिरोधकावर अडकला. सहा जणांनी उचलून पलीकडे ठेवला. जिने-चढणारा, तुम्ही बरोबर होता.

जाळायच्या जागी आणला तेव्हा पाच वाजले होते. पुतणी झोपेतच बाण धरून उभी. कोणीतरी काडी पेटवली, तर माझी आई पुढे आली आणि सगळ्यांना मागे सारलं. पोरं म्हणाली, आजी, भाचा कधीच बाहेर आलाय, हा काय तुझ्या बाजूला उभा आहे. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घुमट उचलला, वाकून आत हात घातला, मुखवट्याच्या मागे, खाली चौकटीपर्यंत चाचपून बघितलं. मग घुमट परत नीट बसवला आणि म्हणाली, "कोण ना. आता लावा."

स्विंडनवाला
हे मी इथे कामावर वाचतोय आणि बाजूचा विचारतोय काय झालं. काय सांगू त्याला?

बटाट फोव
सगळं ठीक, पण दिवाळीचे फोव (पोहे) किती प्रकारचे होते ते लिहिलंच नाही.

फोंडेकार
पाच. रोसातले संपले, ताकातले आहेत. या.